एकसुळीचा दुसरा सुळा

समोरचं माणूस हसलं की लोक त्याचे डोळे बघतात. ताई दात बघतात. यात उद्धटपणा नाही, धंद्याची खोड आहे. गेली एकोणीस वर्षं त्या दातांच्या लॅबमध्ये काम करतात. दवाखान्यातून तोंडाचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतलं की माणसाचा जबडा तयार होतो, आणि त्या जबड्यावर ताई मेणात एकेक दात उभा करतात. ज्यांच्या तोंडात ती कवळी जाते त्यांना त्या कधी भेटत नाहीत. पण रस्त्यात एखादे आजोबा कणीस खाताना दिसले, की ताईंची पावलं आपोआप मंदावतात. आपलं काम असेल का हे? बरं चावतायत की.

रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर ही नोकरी त्यांनी ‘तात्पुरती’ म्हणून धरली होती. खरं तर शिक्षिका व्हायचं होतं. पण तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. लॅब दुसऱ्या मजल्यावर, खाली चपला शिवणाऱ्याचं दुकान. वर तीन टेबलं, एक घासायचं मशीन, आणि भिंतभर फळ्यांवर नंबर घातलेले पांढरे जबडे. प्लास्टर ओतणारे काका साठीला टेकलेले, ते रोज सकाळी फळ्यांकडे बघून म्हणत, "एवढी तोंडं आहेत, पण एक जण ‘चहा घेता का’ विचारेल तर शपथ!"

ताईंना काम शिकवलं ते त्यांच्या आधीच्या जुन्या कारागिराने. त्याचं एक वाक्य ताईंच्या बोटांत मुरलं होतं: "कवळी ही पाहुणी नव्हे. एकदा आली की घरची झाली पाहिजे." म्हणजे घट्ट बसली पाहिजे. दाताच्या गळ्याशी, हिरडीच्या जरा वर, एक खोलगट जागा असते. वरून दिसत नाही, पण बोटाला कळते. तिथे कवळीच्या कडेचा एक केसभर ओठ सरकवला की पकड येते. ही पकड हीच ताईंची ख्याती. त्यांच्या हातचं काम शिंकेला उडत नाही, असं डॉक्टर मंडळी म्हणत.

आणि नेमकं याच बाईच्या घरात दिव्याखाली अंधार. मुलगी चिऊ नऊ वर्षांची झाली आणि तिचा वरचा उजवा सुळा बाकीच्या दातांच्या डोक्यावर बसून बाहेर आला. "जागाच दिली नाही ना त्याला कुणी, मग चढला बिचारा बाकावर," असं तिचे बाबा म्हणाले आणि चिऊ हसली. तेव्हा हसली. पुढच्या वर्षी शाळेत कोणीतरी काहीतरी बोललं. कोण आणि काय, ते ताईंना आजतागायत कळलेलं नाही. कळलं ते एवढंच, की चिऊ हसताना तोंडावर हात नेऊ लागली. पाहुण्यांसमोर, फोटोत, आणि मग घरात एकटी टीव्ही बघतानासुद्धा. बघायला कुणी नाही आणि पोरीचा हात वर! ताई स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत.

"तार लावून घेऊ या, वर्षभरात सरळ होईल," त्या म्हणाल्या, तर चिऊने जेवणाचं ताट सरकवलं. "म्हणजे तुलाही तो वाईट दिसतो."

ताईंनी तारेचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग चिऊ अकरा वर्षांची असताना वाचनालयातून एक पुस्तक घरी आलं. काळं मुखपृष्ठ, त्यावर चंद्र, आणि नाव ‘एकसुळी’. व्हॅम्पायरांच्या एका खानदानी घराण्यात एक मुलगी जन्माला येते. सगळ्यांना दोन-दोन सुळे, हिला एकच. ती चावली तर गळ्यावर एकच भोक पडतं आणि लोकांना वाटतं डास चावला. घराण्याची लाज निघते. दुसऱ्या भागात तिची आत्या तिच्यासाठी चांदीचा नकली सुळा करवून आणते, "हा लाव, म्हणजे चारचौघांत नेता येईल," म्हणते, आणि एकसुळी तो सरळ विहिरीत टाकते. ते पान चिऊला तोंडपाठ होतं.

ताईंनी आधी धास्तावून ती पुस्तकं चोरून वाचली. रक्तबिक, थडगीबिडगी, पोरीच्या डोक्यात भलतं काही शिरायचं! पण सहा भागांत मिळून जेवढं रक्त होतं तेवढं चिऊच्या बाबांच्या एका दाढी करण्यात निघे. उलट तिसऱ्या भागाच्या शेवटाला ताईंना डोळे पुसावे लागले, आणि चौथा भाग चिऊच्या आधी वाचायला मिळावा म्हणून त्यांनी तो दप्तरातून पळवला.

त्या चौथ्या भागाच्या सुमारास कधीतरी चिऊचा हात खाली आला. जेवताना बाबांनी काहीतरी फालतू विनोद केला आणि ती आ वासून हसली. सुळा, हिरडी, सगळं दिसेल अशी. ताईंनी बघितलं आणि मान खाली घालून भाताकडे बघत राहिल्या. खिडकीत पाखरू येऊन बसलं की आपण श्वास धरतो, तसं. बोललं तर उडेल.

दोन वर्षं पाखरू उडालं नाही. आणि मग एकसुळीवर सिनेमा निघणार अशी बातमी आली.

घरात दुसरा विषय नाही. चिऊची चष्मेवाली मैत्रीण रोज संध्याकाळी येई आणि दोघी पलंगावर पसरून बेत करत. "पहिल्या दिवशी, पहिला खेळ. एकसुळीसारखं नटून जायचं," मैत्रीण म्हणे, "पण मला सुळा पुठ्ठ्याचा करावा लागणार. तुझं बरं आहे बाई, तुझा आयता."

"जन्मजात," चिऊ ऐटीत म्हणे.

एका सोमवारी लॅबमध्ये एक मेकअपवाल्या बाई आल्या. कानामागे ब्रश खोचलेला, चालण्यात घाई. त्यांनी ताईंच्या टेबलावर एका मुलीच्या दातांचा ठसा ठेवला, शेजारी एक चित्र, आणि एक कागद: या कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही, सही करा. मालकांनी काचेच्या केबिनमधून मान डोलावली. ताईंनी सही केली आणि मग चित्र बघितलं. काळा झगा, पांढरा चेहरा, आणि ओठांतून उतरलेले दोन सुळे. एकसारखे, सुबक, जोडीचे.

"एक शंका विचारू? हिला एकच सुळा आहे ना?"

मेकअपवाल्या बाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "वाचलंय तुम्ही?"

"घरात तेरा वर्षांची मुलगी आहे. न वाचून सांगते कुणाला!"

"पुस्तकात एकच आहे हो. पण पडद्यावर एकच दिसला तर लोकांना वाटेल, दुसरा लावायला मेकअपवाली विसरली. शिवाय मुलगी देखणी दिसायला हवी. वर ठरलंय, दोन करायचे."

"मग सिनेमाचं नाव दोनसुळी ठेवा," प्लास्टरकाका आपल्या कोपऱ्यातून म्हणाले. केबिनच्या काचेवर टकटक झाली आणि काका बादलीत तोंड घालून गप्प बसले.

"एक लक्षात ठेवा," जाताना बाई म्हणाल्या, "हे तिच्या दातांवर टोपीसारखे दिवसातून दहा वेळा काढायचे-घालायचे आहेत. पोरीला जेवायचंही असतं. सैल चालतील."

ताई ‘हो’ म्हणाल्या, पण त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. सिनेमागृहात बसलेली चिऊ त्यांना दिसत होती. पडद्यावर एकसुळी हसते, दोन सुळे चमकतात, सगळ्या पोरी टाळ्या पिटतात, आणि अंधारात चिऊचा हात हळूच वर जातो. म्हणजे एकसुळीलासुद्धा शेवटी दुसरा लावावा लागला तर! पोरगी मनाशी हेच म्हणणार. आणि तो दुसरा सुळा विहिरीत टाकायचीही सोय नाही, कारण तो करणार कोण, तर आई.

चार दिवस त्या काम करत होत्या आणि मनात हेच दळण. नाही म्हणावं का? पण नाही म्हणून काय होणार, शेजारच्या गल्लीतला कोणी करून देईल. चिऊला सांगावं का? पण सही केली आहे. बोभाटा झाला तर लॅबच्या नावाला बट्टा. मन असं भलतीकडे, त्यामुळे बोटांनी आपल्या सवयीनेच काम उरकलं. कड घासताना केसभर ओठ आत सरकला. कवळी पाहुणी नव्हे.

आठवड्याभराने, ऐन दुपारी, मालक धावत टेबलाशी आले. "ताई, उठा. शूटिंगवर बोलावलंय. पोरीच्या तोंडातला एक दात निघत नाहीये!"

बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये थडगं उभं केलं होतं. त्या पुठ्ठ्याच्या थडग्याच्या पायरीवर नायिका बसली होती, अंगावर काळा झगा, त्यावरून शाल, आणि डोळे रडून लाल. सोळा वर्षांची असेल. मेकअपवाल्या बाई तणतणत होत्या. "सांगितलं होतं ना सैल करा म्हणून? डावा टुपकन निघाला, उजवा मरणाचा रुतलाय. पन्नास माणसं खोळंबलीत!"

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "कवळीची पकड दिली मी त्याला. हाताने दिली, मला कळलंच नाही." मग मुलीसमोर गुडघे टेकून बसल्या. "आ कर बाळ. दुखणार नाही. वेळ लागेल, पण दुखणार नाही."

पर्समधून मेणाचा दोरा काढून त्यांनी तो सुळ्याच्या कडेखाली सरकवला. एक ओढ पुढून, एक मागून. जोर करायचा नाही, नुसतं विनवायचं. मधेच मुलीला दम खाऊ द्यायला थांबल्या, तर तिने शेजारचा आरसा उचलून तोंडासमोर धरला. डावीकडे साधा दात, उजवीकडे सुळा. ती बघतच राहिली.

"अशीच आहे ना ती?" ती बोबड्या आवाजात म्हणाली. "पुस्तकात?"

"अशीच."

"मी म्हटलं होतं यांना. पण मला कोण विचारतंय!" आणि डोळ्यांत पाणी असतानाच ती हसली. इतकी चिऊसारखी!

पाऊण तासाने सुळा ताईंच्या तळहातावर आला. तिथेच बसून त्यांनी त्याची हिरडीकडची कड कानशीने खरवडली, सुळा पाच वेळा घालून-काढून दाखवला. मेकअपवाल्या बाईंचा राग तोवर निवळला होता. चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "चिडले मी. पण हात हलका आहे तुमचा."

"एक मागू? दोन सुळ्यांचं माझ्या मुलीला सांगू द्या. सिनेमागृहात अचानक बघेल तर..." आणि ताईंनी चिऊच्या तोंडावरच्या हाताची सगळी गोष्ट सांगून टाकली. परक्या बाईला, थडग्याशेजारी उभं राहून.

बाईंनी कानामागचा ब्रश काढून परत खोचला. "तेरा वर्षांच्या पोरीच्या पोटात राहील का?"

"तिच्या पोटात सगळंच राहतं. तोच तर घोर आहे मला."

"सांगा मग. पण तिला एकटीलाच."

संध्याकाळी चिऊ पलंगावर सहावा भाग पाचव्यांदा वाचत होती. ताई शेजारी बसल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं बोलल्या. चिऊने पुस्तक मिटलं.

"दोन?"

"दोन."

"आणि तू केलेस?"

"मी केले."

"नाही म्हणता आलं असतं."

"आलं असतं. दुसऱ्या कुणीतरी केले असते."

"मग त्याने केले असते ना! तू नसते केलेस." चिऊने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आत्या झालीस तू. चांदीच्या सुळ्यावाली आत्या."

ताईंनी त्या नायिकेचं सांगितलं, आरशात बघून काय म्हणाली ते. "खोटं," भिंतीकडून उत्तर आलं.

पुढचे चार महिने ताईंना चार वर्षांसारखे गेले. चिऊने गुपित ठेवलं. चष्मेवालीलासुद्धा सांगितलं नाही. मैत्रीण पुठ्ठ्याचा सुळा कापत बसे आणि चिऊ शेजारी नुसती कात्री धरून. आईशी बोलणं कामापुरतं. आणि हात परत वर आला होता. आधी एकदा, मग रोज. ताई स्वतःला बोल लावत. सांगितलं नसतं तर निदान चार महिने सुखाचे गेले असते पोरीचे. सांगून काय मिळवलं, तर घाव लवकर दिला.

"दातांवरून अबोला धरणाऱ्या जगात तुम्हीच दोघी," चिऊचे बाबा म्हणाले. कोणीच हसलं नाही, तेव्हा त्यांनीही आपली भाजी निमूट खाल्ली.

सिनेमा लागला त्या सकाळी ताईंना वाटलं, ही येणारच नाही. पण चिऊ काळा झगा घालून दारात उभी. "चल. चष्मेवाली वाट बघत असेल."

"मीही येऊ?"

"तिकिटं तूच काढलीस ना?"

सिनेमागृहाच्या दारात प्रत्येक मुलीला प्लास्टिकच्या सुळ्यांची जोडी फुकट देत होते. चिऊने घेतली नाही. चष्मेवालीने घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "हे काय, दोन कसे?" चिऊ तिला ओढत आत घेऊन गेली. आत अंधार झाला. पाऊण तासाने पडद्यावर एकसुळी पहिल्यांदा हसली. ताईंनी आपले सुळे ओळखले, उजव्याच्या कडेला खरवडल्याची खूण त्यांच्याशिवाय कुणाला दिसली नसती. शिट्ट्या पडल्या. ताईंनी मान वळवायचं धाडस केलं नाही. बघायची गरजही नव्हती. बाजूच्या खुर्चीतला कोपर वर गेलेला त्यांना जाणवला होता. सिनेमा संपेपर्यंत तो खाली आला नाही.

गर्दीबरोबर बाहेर पडताना पायऱ्यांवर त्यांच्या पुढे एक सहा-सात वर्षांची चिमुरडी चालली होती, तोंडात प्लास्टिकचे सुळे, ते सारखे सुटतायत आणि ही बोटाने आत ढकलतेय. "आई, मी रोज एकसुळी होणार! मला दोन सुळे आहेत!"

"दोन नाहीत तिला," चिऊ एकदम म्हणाली.

चिमुरडी वळली. "आहेत. मी आत्ता बघितले."

"सिनेमात चुकीचे दाखवलेत. एकच आहे तिला."

"तू खोटं बोलतेस. तुला काय माहीत?"

"मला काय माहीत? मला?" चिऊचा आवाज चढला, लोक वळून बघू लागले. एरवी ताईंनी दंडाला धरून गप्प केलं असतं. आज त्या पर्स छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. "सगळे भाग वाचलेत मी! पाच पाच वेळा! एकच सुळा, उजव्या बाजूला, आणि सरळ नाही, असा बाहेर आलेला. हा बघ, असा!"

आणि तिने वरचा ओठ दोन बोटांनी उचलून तोंड उघडलं. भर पायऱ्यांवर, शंभर माणसांत.

चिमुरडी आपले प्लास्टिकचे दात हातात घेऊन जवळ आली. "खरा आहे?"

"मग काय नकली? नकली माझी आई करते," चिऊने अंगठ्याने मागे दाखवलं. "सिनेमातले तिनेच केलेत. पण हा माझा आहे."

"हात लावू?"

"हात धुतलेस का?"

"हो." सरळ सरळ थाप होती. तिने एक बोट लावलं आणि तोंड पाडलं. "टोचत नाही की."

"नाहीच टोचत! पहिल्या भागात तीच तर गंमत आहे," चिऊ म्हणाली आणि झगा सावरून पायरीवर बसली. "ऐक. ती रात्री एका न्हाव्याला चावायला जाते, आणि त्याला वाटतं..."

चिमुरडी बसली, तिच्याशेजारी चष्मेवाली बसली. लोक त्यांना वळसा घालून उतरू लागले. चिमुरडीची आई घड्याळाकडे बघत ताईंजवळ आली. "तुमची का ही? बोलते छान. किती भाग आहेत हो याचे?"

"सहा," ताई म्हणाल्या.

ती बाई पायरी झाडून बसली आणि शेजारी जागा करत म्हणाली, "मग उभ्या कशाला राहता?"